कैगाला काही झालं तर बंबावरच्या पोरांचं काय?

सुमन_खानापूर
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यावर असते, आज वेगळंच विचारायचं आहे. बहिणीचा मुलगा अग्निशामक दलात लागलाय. ट्रेनिंग झालं आणि पोस्टिंग आलंय कारवार बाजूला. स्टेशनचं नाव लिहीत नाही, पण तिथून कैगा अणुवीज केंद्र फार लांब नाही. ऑर्डर हातात पडल्यापासून बहीण रडायलीय. त्यात कुणीतरी तिला मोबाइलवर चेर्नोबिलचे फोटो पाठवले. भावजी म्हणतात, सरकारी नोकरी आहे, गप्प बसा. आणि पोरगा म्हणतो, "मावशी, आग म्हणजे आग. तिथली काय न् इथली काय."

त्याचं हे बोलणं मला जास्त खटकलं. म्हणून विचारते. अणुभट्टीत दुर्घटना झाली तर सगळ्यात आधी आत जाणाऱ्यांना, म्हणजे बंबवाले, अँब्युलन्सवाले, तिथलेच कामगार, यांना नेमका धोका कशाचा? आणि जॉइन व्हायच्या आधी पोरानं साहेबांना काय काय विचारून घ्यावं?

अणुऊर्जा हवी की नको यावर कृपया भांडू नका. (भांडणारच, माहीत आहे.)

कुंदा_प्रेमी
पहिला! ताई, अभिनंदन आधी. नोकरी लागली हे सोडून लोक भलतंच बोलणार आता.

निपाणीकर
ताई, फोटो पाठवणाऱ्याला ब्लॉक करायला सांगा बहिणीला. कैगा २००० सालापासून वीज देतंय. २२० मेगावॅटची चार युनिटं. पहिलं युनिट सलग ९६२ दिवस न थांबता चाललं, २०१८ च्या शेवटी तो जागतिक विक्रम होता. बंबवाले मरतात ते गोदामाची भिंत अंगावर येऊन, नाहीतर गॅसच्या टँकरनं, नाहीतर विहिरीत गुदमरलेल्याला काढायला स्वतः उतरून. भाच्याला कैगाची भीती घालण्यापेक्षा हायवेवरच्या टँकरची घाला.

जोयडेकर
विक्रम सांगितलात, मग १९९४ च्या मे महिन्यात त्याच कैगाचा काँक्रीटचा घुमट आतून निखळून खाली आला होता तेही सांगा.

निपाणीकर
तेव्हा बांधकाम चालू होतं. आत इंधनाचा कण नव्हता.

जोयडेकर
पडला की नाही पण?

सुमन_खानापूर
झालं सुरू.

काळीकाठ
ताई, मी कैगाला मेंटेनन्सला होतो. मल्लापूरच्या कॉलनीत संसार झाला, आता टिळकवाडीत असतो. निपाणीकर आणि जोयडेकर यांना बाजूला ठेवून मूळ प्रश्नाचं लिहितो.

आत जाताना छातीला टीएलडी बॅज असतो, म्हणजे अंगाला लागलेली किरणं नोंदवणारा बिल्ला. तो लगेच काही सांगत नाही. ठरावीक काळानं लॅबला जातो, मग कळतं तुम्ही किती डोस घेतलात. त्याच्याबरोबर डीआरडी, म्हणजे जागेवरच डोस दाखवणारं छोटं मीटर. जुनं पेनासारखं असायचं, डोळ्याला लावून उजेडाकडं धरलं की आत एक बारीक रेघ पट्टीवर कुठवर सरकली ते दिसायचं. आता डिजिटल आलेत, बोंबलतात. काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं, या जागी रीडिंग इतकं, म्हणून तुला इतकी मिनिटं. नट अर्धा सुटला असेल तरी वेळ संपली की पाना तिथंच ठेवून बाहेर, पुढचा माणूस आत. नवीन पोरांना याचा भयंकर राग येतो. काम अर्धवट टाकून यायला हात धजत नाही.

भाच्याची खरी अडचण मला इथं दिसते. बंबवाल्याचं सगळं शिक्षणच "विझवल्याशिवाय मागं फिरायचं नाही" असं असतं. इथं मागं फिरणं हाच कामाचा भाग आहे. तेव्हा "तिथली काय न् इथली काय" हे त्याच्या डोक्यातून आधी काढा.

दुसरं म्हणजे, किरणं अंगावर येणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ-पाणी अंगाला लागणं वेगळं. रंगपंचमीला भर दुपारी गल्लीत उभे राहिलात. सावलीत आलात की ऊन संपलं. रंग मात्र तुमच्याबरोबर घरात येतो, उशीला लागतो, पोरीच्या गालाला लागतो. आणि नाकातोंडातून आत गेलेला तर धुताही येत नाही. म्हणून वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा, हे पहिल्यासाठी. मास्क, सूट आणि बाहेर आल्यावर कपडे उतरवणं हे दुसऱ्यासाठी. पांढरा सूट घातला की गॅमा किरणं, म्हणजे आरपार जाणारी किरणं, अडतात असा पुष्कळांचा समज असतो. अडत नाहीत. सूट फक्त धूळ अंगाला लागू देत नाही.

कैगाच्या भट्ट्या जड पाण्याच्या, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या. त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतं. रंग नाही, वास नाही, कातडीतूनही आत जातं आणि टीएलडीला दिसत नाही. म्हणून आम्हाला लघवीचे नमुने द्यावे लागायचे. २००९ च्या नोव्हेंबरात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमवालं जड पाणी मिसळलं, ते सुमारे ५५ लोकांच्या याच नमुन्यांतून उघडकीला आलं.

कुंदा_प्रेमी
काका, म्हणजे नोकरी लघवीवर अवलंबून!

काळीकाठ
आमच्या वेळी यावर तुमच्यापेक्षा चांगले विनोद व्हायचे, इथं लिहिता येत नाहीत.

डॉ_मलप्रभा
काळीकाठ यांनी पाया घातला आहे, मी आकडे देते. एकक मिलिसिव्हर्ट, शरीराला लागलेला किरणांचा डोस त्यात मोजतात.

छातीचा एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. पोटाचा सीटी स्कॅन १० च्या आसपास. काहीच न करता निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतं. आपल्याकडं अणुकेंद्रातल्या कामगाराला एका वर्षात ३० आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० ही मर्यादा. एकदम १००० च्या वर घेतलं की उलट्या, रक्तातल्या पेशी घसरणं असा आजार सुरू होतो. ४००० च्या घरात गेलं आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मे दगावतात. कर्करोगाचा धोका मात्र पायरीपायरीनं वाढत जातो. १०० ला आयुष्यभराच्या कर्करोग-मृत्यूच्या शक्यतेत साधारण अर्धा टक्का भर पडते असं धरतात. म्हणजे "लागला की मेला" हेही खोटं आणि "काही होत नाही" हेही.

आता चेर्नोबिल, कारण बहिणीकडं फोटो तिथलेच गेलेत. २६ एप्रिल १९८६, पहाटे १ वाजून २३ मिनिटं. १३४ जणांना तीव्र किरणोत्साराचा आजार झाला, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. सगळ्यांना वाटतं ते सगळे बंबवाले. २८ पैकी बंबवाले ६ होते, बाकीचे बहुतेक केंद्रातलेच रात्रपाळीचे लोक. बंबवाले टर्बाइन हॉलच्या आणि आजूबाजूच्या छपरांवरची आग विझवायला चढले. पायाखाली पडलेले काळे तुकडे भट्टीतलं किरणोत्सारी ग्रॅफाइट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रात हाताशी असलेली मीटरं तासाला ३.६ रोंटजेनपर्यंतच (किरणं मोजायचं जुनं एकक) मोजू शकत होती, काटा तिथं टेकला की त्यापुढं किती ते कळायला मार्ग नाही. आणि भिजलेले कपडे अंगावरच राहिले. पुष्कळांचा जीव शेवटी कातडीच्या बीटा भाजण्यानं, म्हणजे अंगाला लागलेल्या धुळीतल्या बीटा किरणांनी, घेतला. रक्ताच्या पेशी सावरायला थोडीफार मदत करता येते, अर्धं अंग तसं भाजलं की डॉक्टरच्या हातात फार उरत नाही.

भाच्याला एकच गोष्ट पाठ करायला सांगा. बाहेर आलास की आधी कपडे काढ. नुसते वरचे कपडे उतरवले तरी अंगावरची बरीचशी, ८०-९० टक्क्यांपर्यंतची किरणोत्सारी धूळ त्यांच्याबरोबर जाते. मग कोमट पाणी, साबण. घासून कातडी सोलायची नाही.

निपाणीकर
डॉक्टर, चेर्नोबिलची भट्टी वेगळी. तिला आपल्यासारखं जाड काँक्रीटचं कवच नव्हतं. तुलनाच चुकीची.

डॉ_मलप्रभा
भट्टीची तुलना मी केलीच नाही. माणसाच्या कातडीची केली, ती युक्रेनमध्ये आणि खानापुरात सारखीच असते.

सुभेदार_निवृत्त
जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. फौजेत आम्हाला अणु-जैविक-रासायनिक हल्ल्याचा सराव असायचा, तो सूट मी घातलाय. लोक किरणांचं बोलतात, मी घामाचं बोलतो. राजस्थानात एप्रिलमध्ये तो सूट, वर मास्क, हातात दोन थर मोजे. थोड्या वेळात मास्कच्या काचेवर वाफ धरते, समोरचा माणूस काय बोलायलाय ते ऐकू येत नाही, बुटात पाणी साचल्यासारखं होतं, ते आपलाच घाम. पाणी प्यायचं तर मास्क काढायला लागतो, आणि मास्क काढायचा नाही. जवान पोरं चक्कर येऊन पडायची. कारवारची दमट हवा मला ठाऊक आहे. तिथं तो सूट घालून होजपाइप ओढायचा म्हणजे गंमत नाही.

डॉ_मलप्रभा
सुभेदार काका, अगदी बरोबर. जपानात फुकुशिमाच्या अणुकेंद्रात मार्च २०११ च्या त्सुनामीनं दुर्घटना झाली, तिथं त्या उन्हाळ्यात उष्माघाताचे कितीतरी रुग्ण झाले. त्याच मे महिन्यात साठीतला एक कंत्राटी कामगार सामान वाहताना कोसळला आणि हृदयविकारानं गेला. तीव्र किरणोत्साराच्या आजारानं मात्र तिथं कामगार दगावला नाही.

एकशेआठ_पायलट
मी १०८ अँब्युलन्सच्या गाडीवर असतो म्हणून सगळं वाचायलोय. एक सांगू काय. आम्हाला कॉल येतो तवा स्क्रीनवर दोन शब्द असतात. "बेशुद्ध". "चक्कर". तिथं जाऊन बघतो तर कुणी औषध प्यालेलं असतंय, कुणी गटारीत उतरून गॅस लागलेला असतंय. एकदा कारखान्याच्या गेटवर गेलो, वॉचमन म्हणाला पडलाय शिडीवरनं. आत गेलो तर डोळे चुरचुरायला लागले. कसला तरी वायू सुटला होता. शिडीबिडी काही नव्हती. आमचा टेक्निशियन चार दिवस खोकत होता. सूट लांब राहिला, आधी खरं सांगा म्हणावं. बाकी आम्ही बघून घेतो.

काळीकाठ
पायलट, तुमच्या गोष्टीची जुळी गोष्ट जपानात झाली आहे. ३० सप्टेंबर १९९९, टोकाइमुरा. अणुइंधनाच्या कारखान्यात कामगार युरेनियमचं द्रावण बादलीनं टाकीत ओतत होते. प्रमाणाबाहेर ओतलं आणि टाकीतच अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया सुरू झाली. त्यातले दोघं पुढं दगावले. त्यांना न्यायला अँब्युलन्स बोलावली, पण कशाचा अपघात आहे ते सांगितलंच नाही. तिघं अँब्युलन्सवाले कसलंही संरक्षण न घेता आत गेले आणि त्यांनाही किरणोत्सार लागला.

एकशेआठ_पायलट
बघा. जपानात पण तेच.

जोयडेकर
आणि निपाणीकर म्हणतात टँकरची भीती घाला.

निपाणीकर
अहो, टँकरवाला तरी काय सांगतो आत काय आहे ते? पायलटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

उद्यमबाग_ओतारी
थोडं अवांतर. फौंड्रीवाला आहे. तुम्ही सगळे कैगाकडं बघायलाय, ते बेळगावपासून हवाई अंतरानं ११० किलोमीटर. माझ्या दारात रोज भंगाराच्या ट्रका येतात. २०१० साली दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र आलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६०. कापलं. एक माणूस गेला, आणखी काही जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कापणाऱ्याला वाटलं चकचकीत धातू आहे, भाव चांगला येईल. तसला तुकडा आमच्या भट्टीत वितळला तर सगळ्यात आधी बोलावणं कुणाला? बंबवाल्याला आणि १०८ ला. म्हणजे भाच्याची बदली रद्द करून बेळगावात आणला तरी हे ज्ञान त्याला लागणारच.

आमच्याकडं मोठ्या कास्टिंगची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी आतली तपासणी, करायला रात्री टीम येते. दोरी बांधतात, किरणोत्साराच्या तीन पात्यांच्या खुणेचा पिवळा त्रिकोण लावतात, सगळ्यांना लांब घालवतात. त्या त्रिकोणाकडं बघून आमचा एक कामगार म्हणायचा, पंखा बंद आहे वाटतं.

कुंदा_प्रेमी
😂 पंखा!

सीमावासी
मुळात सूचना कुठल्या भाषेत देणार ते विचारा. खानापूर, जोयडा, कारवार, निम्मी माणसं मराठी-कोकणी बोलणारी. भोंगा वाजला आणि माइकवरून नुसतं कन्नड आलं तर आमची म्हातारी काय करेल? पण बोर्डावरची मराठी काढायला हे पहिले पुढं. १ नोव्हेंबरला

*(प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिथं मनसोक्त लिहा. सूचनांच्या भाषेचा मुद्दा इथं चालेल. – संपादक)*

सुभेदार_निवृत्त
भाषेचा मुद्दा बरोबर आहे. मास्कच्या आतून मराठी पण कळत नाही, मग कन्नड काय. आम्ही हातवारे ठरवून ठेवायचो.

सुमन_खानापूर
सगळ्यांचे आभार. मी हे सगळं बहिणीला वाचून दाखवलं. डॉक्टर, तिचा प्रश्न आहे: साहेबानं सांगितलं "जा", तर पोराला "नाही" म्हणता येतं का?

डॉ_मलप्रभा
चांगला प्रश्न. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: जीव वाचवायचा असेल किंवा मोठी आपत्ती टाळायची असेल तर ५०० मिलिसिव्हर्टपर्यंत. आणि इतक्या डोसच्या कामाला माणूस स्वतःहून तयार हवा, धोका आधी समजावून सांगितलेला हवा. म्हणजे कागदावर नाही म्हणता येतं. प्रत्यक्षात फुकुशिमात काय झालं बघा. आणीबाणीची मर्यादा १०० होती, मार्च २०११ मध्ये दुर्घटना चालू असतानाच ती २५० केली. केंद्रातले वैयक्तिक मीटर त्सुनामीत मोठ्या संख्येनं खराब झाले, मग काही दिवस एका गटात एकच मीटर. बाकीच्यांनी किती घेतलं ते त्या एकाच्या आकड्यावरून. सहा जण २५० च्या वर गेले, सगळ्यात जास्त ६७८. त्यातला बहुतांश डोस बाहेरून आलेला नव्हता, श्वासातून आत गेलेल्या आयोडीनचा होता. मास्क वेळेवर आणि नीट लागले नाहीत.

आणि काळीकाठांचा पाना आठवला म्हणून सांगते. २४ मार्चला तीन कंत्राटी कामगार तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात केबल टाकत होते. खाली पाणी साचलेलं. दोघांच्या बुटात ते शिरलं. मीटर बोंबलत होतं, त्यांना वाटलं बिघडलंय, आणि काम चालू ठेवलं. तिघांना १७० च्या वर डोस.

काळीकाठ
मीटर बोंबलला की "बिघडलाय" हेच पहिलं मनात येतं. हे मी शपथेवर सांगतो. बाहेर येऊन दुसऱ्या मीटरशी ताडून बघायचं, आत उभं राहून वाद घालायचा नाही.

कुंदा_प्रेमी
डॉक्टर, एक गंभीर शंका. आयोडीन लागतं म्हणताय तर आतापासून मीठ वाढवू काय? आमच्या ग्रुपवर गळ्याला बेटाडीन लावा असं आलं होतं.

डॉ_मलप्रभा
मीठ वाढवलंत तर बीपीसाठी माझ्याकडं याल. बेटाडीन जखमेला. पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेगळी असते, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम, आणि ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. सीझियम, ट्रिटियम, गॅमा, कशावरच तिचा उपयोग नाही. घ्यायची तीही संपर्काच्या थोडं आधी किंवा नंतर काही तासांच्या आत, सांगितल्यावर. लहान मुलांना सगळ्यात जास्त गरज, चाळिशीपुढं फायदा फारसा नाही.

कुंदा_प्रेमी
म्हणजे मला आता गोळीसुद्धा नाही 😔

निपाणीकर
मला एक बोलू द्या. फुकुशिमात किरणांपेक्षा पळापळीनं माणसं गेली. केंद्राजवळच्या हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्या रुग्णांना बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवलं, कितीतरी वाटेत आणि निवाऱ्यात गेले. विस्थापनाशी जोडलेले मृत्यू एकट्या फुकुशिमा प्रांतात २००० च्या वर. म्हणून म्हणतो, भीती पसरवणारे धागे काढू नका. उद्या खोटा मेसेज आला तर खानापूरपासून चोर्ल्यापर्यंत गाड्यांची रांग लागेल आणि १०८ अडकून पडेल.

जोयडेकर
आकडा बरोबर, निष्कर्ष उलटा. लोक का पळाले? कारण आधी सांगितलं होतं काही होणारच नाही. आणि तुम्ही कामगारांचं विसरलात. तिथल्या साफसफाईला ठेकेदाराच्या खाली ठेकेदार होते. मर्यादा भरली की काम जातं, म्हणून एका उपठेकेदारानं कामगारांना मीटरवर शिशाची पत्री लावायला लावली, आकडा कमी दिसावा म्हणून. २०१२ मध्ये बाहेर आलं. हे संकट संपल्यानंतरचं आहे, गडबडीतलं नाही. "स्वतःहून तयार" हा शब्द रोजंदारीवरच्या माणसाला कसा लावायचा ते सांगा.

निपाणीकर
शिशाच्या पत्रीचं समर्थन कोण करतंय? त्या ठेकेदाराला आत टाका. पण त्यासाठी भट्टी बंद करायची काय?

जोयडेकर
भट्टी बंद करा असं मी या धाग्यावर एकदाही म्हटलेलं नाही. वर जाऊन बघा.

निपाणीकर
मनात होतं.

उद्यमबाग_ओतारी
आपल्याकडं कधी असा प्रसंग आलाय काय, काळीकाठ काका? जपान-युक्रेन सोडून.

काळीकाठ
आलाय, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलानं पेट घेतला, केबल जळत गेल्या आणि केंद्राची सगळी वीज गेली. सुमारे १७ तास काळोख. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, ती सोडावी लागली. भट्टी बंद झाली होती, पण बंद भट्टीसुद्धा उष्णता देत राहते, तिला थंड ठेवावंच लागतं. काही ऑपरेटर बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि बोरॉनचं द्रावण हातानं भट्टीत सोडलं, साखळी प्रक्रिया परत सुरू होऊ नये म्हणून. आणि थंड ठेवायला पाणी कुणी दिलं? आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी. किरणोत्सार बाहेर गेला नाही. पण त्या माणसांना त्या क्षणी ते माहीत होतं का? अंधारात, धुरात, हातात बॅटरी.

म्हणून भाच्याला सांगा, तिथं बंबाचा उपयोग फक्त आग विझवायला नसतो. भट्टीला पाणी कुठून द्यायचं, त्याचे जोड कुठं आहेत, आपला पाइप त्याला बसतो का, हे आधीच बघून ठेव.

एकशेआठ_पायलट
बॅटरी घेऊन वर चढले म्हणजे काय काळीज असेल हो.

सुभेदार_निवृत्त
काळीज असतंच. पण बॅटरी चालू पण असायला लागते. ती कोण चार्ज करून ठेवतो, मेडल त्याला द्या.

सुमन_खानापूर
भाचा जाऊन आला, साहेबांना भेटून. त्याच्याच शब्दांत लिहिते, थोडं सुधारून.

मीटर आहेत, कपाटात आहेत, किल्ली एका साहेबांकडं, ते त्या दिवशी रजेवर. किरणोत्साराचं ट्रेनिंग झालंय, पण पडद्यावर चित्रं दाखवून. सूट घालून कधी होज ओढला नाही. केंद्राचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, आत पहिले तेच जाणार, बाहेरच्यांना लागलं तर बोलावणार. आग लागली तर फोनवर कोण कुणाशी बोलणार हे त्यानं विचारलं, तर साहेब जरा थांबले आणि म्हणाले, हा प्रश्न याआधी कुणी विचारला नव्हता. मग वहीत लिहून घेतला.

तो जॉइन होणार म्हणतोय. बहीण अजून रुसलेली आहे पण कपडे इस्त्री करून ठेवलेत.

काळीकाठ
फोनचा प्रश्न सगळ्यात चांगला विचारला पोरानं. त्याच्यासाठी आणखी थोडं. अशा केंद्राच्या आवारातच मिटणारी आणीबाणी वेगळी आणि आवाराबाहेर जाणारी वेगळी. बाहेर गेली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडं जातात. भोवतालच्या १६ किलोमीटरचा आराखडा तयार असतो. बाहेरचा मोठा सराव दोन वर्षांतून एकदा होतो. त्यात आपल्या स्टेशनचा रोल काय लिहिलाय, तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला सांगा. आणि स्वतःच्या डोसची नोंद कोण ठेवणार, त्याची प्रत आपल्याला मिळणार का, हे लेखी. अशा आजारात वीस वर्षांनी प्रश्न येतो तेव्हा कागद लागतो. फुकुशिमातल्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगानं झालेला मृत्यू किरणोत्सारामुळं असं जपान सरकारनं २०१८ मध्ये मान्य केलं, ते त्याच्या डोसच्या नोंदी होत्या म्हणून.

मोठी आणीबाणी असेल तर पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, ५ वी बटालियन आहे, त्यांना या कामाचं शिक्षण असतं. पण ते पोचेपर्यंतचे तास भाच्यासारख्यांचे.

सुभेदार_निवृत्त
तरुण पोरांना आधी कशाला पाठवायचं हा माझा जुना प्रश्न. कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. मला सत्तरी आली, मला काय होणार?

डॉ_मलप्रभा
काका, जपानात नेमकं हेच म्हणत ७२ वर्षांचे निवृत्त अभियंता यासुतेरू यामादा पुढं आले होते. साठीच्या वरच्यांची तुकडी उभी केली, शेकडो म्हाताऱ्यांनी नावं दिली.

सुभेदार_निवृत्त
मग माझं नाव लिहा.

निपाणीकर
काका, तुमचे गुडघे? जिना चढता येत नाही म्हणून तुम्ही गेल्या गणपतीला आमच्याकडं खालीच बसला होता.

सुभेदार_निवृत्त
मी खाली उभा राहून मिनिटं मोजेन. घड्याळ बघायला गुडघे लागत नाहीत.

काळीकाठ
चेष्टा नाही, हे महत्त्वाचं काम आहे. चेर्नोबिलच्या छपरावर ग्रॅफाइट फावड्यानं ढकलायला यंत्रं पाठवली, ती किरणांनी बंद पडली, मग सैनिक पाठवले. अंगाला शिशाचे पत्रे बांधून दीड-दोन मिनिटांची पाळी. कुणीतरी वेळ मोजून भोंगा वाजवत होतं, म्हणून तरी ते खाली आले.

एकशेआठ_पायलट
मला भाच्याचं बरं वाटलं. पण आमचं काय? आमच्या गाडीत मीटर पण नाही, कपाट पण नाही. पेशंटला ती धूळ लागलेली असली तर घ्यायचं की नाही?

डॉ_मलप्रभा
घ्यायचं. आधी जीव, मग धूळ. रक्तस्राव, श्वास हे पहिलं. नंतर त्याचे वरचे कपडे कापून काढा, पिशवीत बांधा, त्याला चादरीत गुंडाळा, म्हणजे धूळ गाडीभर होत नाही. तुम्ही मास्क, हातमोजे, वरचा गाऊन. अशा पेशंटला हाताळणाऱ्यांना डोस सहसा फारच कमी लागतो. पेशंट कुठं उतरवायचा ते मात्र निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा, नाहीतर कॅज्युअल्टीच्या दारात वाद होईल.

एकशेआठ_पायलट
वाद तर साध्या पेशंटला पण होतोय.

डॉ_मलप्रभा
ठाऊक आहे. तुमच्यातली दहा-बारा मुलं जमत असतील तर मी तासभर येऊन हे करून दाखवते, कपडे कसे कापायचे, गुंडाळी कशी करायची. काळीकाठ, तुम्ही जुनं डीआरडी आणाल का?

काळीकाठ
ती सरकारी वस्तू, माझ्याकडं कशी असेल? पण तोंडानं सांगेन. ओतारी, तुमच्या रेडिओग्राफीवाल्यांना विचारा की मीटर घेऊन येतात का.

उद्यमबाग_ओतारी
विचारतो. जागा माझ्या शेडमध्ये. या रविवारी?

एकशेआठ_पायलट
आयतवार नको, आयतवारी डबल ड्यूटी असतीय. बेस्तरवारी ठेवा, सांजचं.